उपचार गावाजवळ हवा

नगर–मनमाड रस्त्याने शिर्डीकडे निघालं की आधी राहाता लागतं. प्रवाशांच्या लक्षात राहतात ते रस्त्याकडेचे पेरूचे ढीग. पण या तालुक्याची खरी ओळख इथे उभ्या राहिलेल्या संस्थांची आहे. लोणीच्या परिसरात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला. त्याच लोणीत १९८४ पासून खास ग्रामीण भागासाठी काढलेलं वैद्यकीय महाविद्यालय आहे. शिर्डीत साईबाबा संस्थानची रुग्णालयं आहेत, राहात्यात सरकारी ग्रामीण रुग्णालय आहे, गावोगावी आशाताई आहेत. याच तालुक्यातल्या पुणतांब्याच्या शेतकऱ्यांनी २०१७ च्या जूनमध्ये संप पुकारला तेव्हा साऱ्या राज्याला त्याची दखल घ्यावी लागली. एखादी गोष्ट मनावर घेतली तर ती तडीला नेण्याची ताकद या भागात आहे. म्हणून या पुस्तकाचा प्रश्न आम्ही मुद्दाम राहात्यासारख्या तालुक्यापुढे ठेवतो आहोत.

इथल्या एखाद्या घरात मुलगा गर्दच्या किंवा गोळ्यांच्या आहारी गेल्याचं कळलं, की पुढचा क्रम जवळजवळ ठरलेला असतो. आधी लपवालपवी. मग शपथ: आईच्या डोक्यावर हात ठेवून, देवापुढे, कधी गळ्यात माळ घालून. मग ‘लग्न करून द्या, जबाबदारी पडली की सुधारेल’ हा नातेवाइकांचा सल्ला. तेही फसलं की कर्ज काढून लांबच्या एखाद्या खासगी केंद्रात काही महिने ठेवायचं. मुलगा अंगाने भरून परत येतो, घर सुटकेचा निःश्वास टाकतं, आणि थोड्याच आठवड्यांत तो पुन्हा त्याच वाटेला लागतो. घरच्यांना वाटतं, पोराची नियतच खोटी. वैद्यकशास्त्राचं म्हणणं निराळं आहे, पण ते अजून गावापर्यंत पोचलेलं नाही. अफूवर्गीय पदार्थांच्या व्यसनावर परिणामकारक औषध आहे. ते महिनोन्महिने, गरज पडल्यास वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. आणि ज्या अर्थी ते इतका काळ घ्यावं लागतं, त्या अर्थी ते रुग्णाच्या घराजवळच मिळायला हवं. हे पुस्तक या एका म्हणण्याभोवती उभं आहे.

विषयाला नवख्या असलेल्या वाचकासाठी थोडी ओळख. अफूच्या कच्च्या बोंडाला चिरा दिल्यावर जो चीक पाझरतो, तो वाळला की अफू होते. तिच्यातून मॉर्फिन आणि कोडीन मिळतं. मॉर्फिनवर प्रक्रिया केली की हेरॉइन. अशुद्ध, तपकिरी हेरॉइन म्हणजे ब्राउन शुगर, आपल्याकडचं गर्द. ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, फेंटानिल, मेथाडोन ही कारखान्यात बनणारी औषधं याच कुळातली. ही सगळी मेंदूतल्या एकाच प्रकारच्या ग्राहींवर (रिसेप्टरवर) जाऊन बसतात, वेदना शमवतात, मनाला गुंगवणारा आराम देतात, आणि मात्रा वाढली की श्वास मंद करत नेतात. दारू, गांजा, एमडी (मेफेड्रोन) या कुळातले नाहीत. मालेगावकडे जिला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात ती अल्प्राझोलामची, म्हणजे झोपेच्या आणि चिंतेच्या औषधांच्या वर्गातली. बातम्यांमध्ये हे सारं ‘नशेच्या गोळ्या’ म्हणून एकत्र येतं. दवाखान्यात मात्र फरक माहीत असावाच लागतो. दारू किंवा अल्प्राझोलाम एकाएकी बंद केली तर झटके येऊन माणूस दगावू शकतो. गर्द बंद केल्यावर जी ‘टर्की’ लागते, तिच्याने सहसा जीव जात नाही. पण हाडं फुटल्यासारखी दुखणं, जुलाब, उलट्या, घाम, रात्र रात्र डोळ्याला डोळा न लागणं, हे भोगलेला माणूस ते पुन्हा भोगू नये म्हणून काहीही करायला तयार होतो. पुष्कळांना पुढे पुढे नशेतून सुख असं मिळतच नाही. ते पुडी घेतात ती टर्की टाळण्यासाठी.

हे पदार्थ खेड्यात येतात ते वेगवेगळ्या वाटांनी. सर्वांत जुनी वाट अफूच्या बोंडांची आणि त्यांच्या चुऱ्याची. लांब पल्ल्याच्या ट्रकवाल्यांत तिचा वापर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आपल्याकडे अफू पिकतच नाही असंही समजू नये. बीड जिल्ह्यात २०१२ मध्ये खसखशीच्या नावाखाली लावलेली अफूची शेतं उघडकीस आली होती. दुसरी वाट गर्दची, शहरातून तालुक्याच्या गावाकडे येणारी. तिसरी वाट औषधाच्या दुकानातून जाते आणि मला ती सर्वांत काळजीची वाटते, कारण तिच्यावर चोरटेपणाचा शिक्का नसतो. कोडीनचं खोकल्याचं औषध, ज्याला बोलीत सर्रास ‘कोरेक्स’ म्हणतात, किंवा कंबरदुखीवर कुणीतरी दिलेली ट्रॅमाडॉलची गोळी. उसाच्या फडात कोयता चालवणारा, मोळ्या डोक्यावर वाहणारा, हमाली करणारा, रात्रभर गाडी हाकणारा माणूस अंगदुखीसाठीच गोळी घेतो. दुसऱ्या दिवशी कामावर उभं राहायचं असतं म्हणून पुन्हा घेतो. त्याने व्यसनाच्या इच्छेने सुरुवात केलेली नसते, आणि आपल्याला व्यसन लागलं आहे हे त्याला कळतं ते गोळी न मिळालेल्या दिवशी.

सरकारने या वाटेवर वेळोवेळी फाटक लावलं आहे. डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफिन या वेदनाशामकावर २०१३ मध्ये बंदी आली. ट्रॅमाडॉल २०१८ च्या एप्रिलमध्ये अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं गेलं. मग टॅपेंटाडॉलचं नाव ऐकू येऊ लागलं. त्याच्या आणि कॅरिसोप्रोडॉलच्या मिश्रणाच्या गोळ्या आपल्या राज्यातून पश्चिम आफ्रिकेत जाऊन तिथल्या तरुणांना व्यसन लावत असल्याचं २०२५ च्या फेब्रुवारीत उघड झालं, तेव्हा केंद्र सरकारने त्या मिश्रणाची निर्यात थांबवली आणि पालघर जिल्ह्यातल्या कारखान्यावर कारवाई झाली. प्रत्येक बंदीला तिची कारणं होती. मात्र एक गोळी बंद झाली की तिच्यावर अवलंबून असलेल्या माणसाचं काय करायचं, हे त्या आदेशांत लिहिलेलं नसतं. तो माणूस दुसऱ्या गोळीकडे जातो, नाहीतर गर्दकडे.

पसारा किती मोठा आहे? सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार देशात सुमारे २ कोटी २६ लाख लोक अफूवर्गीय पदार्थ वापरत होते आणि त्यांतल्या सुमारे ७७ लाखांना मदतीची गरज होती. अशा रुग्णांची संख्या मोठी असलेल्या मोजक्या राज्यांत पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेशांबरोबर महाराष्ट्राचंही नाव आहे. राज्याची लोकसंख्या मोठी आहे, हे त्यामागचं एक कारण. पण रुग्णाला टक्केवारीशी काय करायचं? अंमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या वीस जणांपैकी जेमतेम एकाला कसलातरी उपचार मिळतो, हाही त्याच अहवालाचा निष्कर्ष आहे.

अफू आपल्याला परकी नाही. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे आणि शहरातली कित्येक मोठी घराणी त्या व्यापारावर उभी राहिली. घराघरांत अफू औषध म्हणून होती: जुलाबावर, खोकल्यावर, म्हातारपणच्या दुखण्यावर. मुंबईत गिरणीत राबणाऱ्या बाया तान्ह्या मुलाला ‘बाळगोळी’ देऊन कामावर जात, म्हणजे मूल दिवसभर निजून राही. त्या गोळीत अफू असे. ती देणाऱ्या आईला निर्दय म्हणणं सोपं आहे. पाळणाघर नसलेल्या गिरणीचा, खाडा झाला की कापल्या जाणाऱ्या मजुरीचा विचार त्याआधी करायला हवा. १८९३ मध्ये नेमलेल्या अफू आयोगाने ठिकठिकाणी साक्षी घेतल्या, आणि १८९५ च्या अहवालात अफूचा प्रश्न फारसा गंभीर नसल्याचा निर्वाळा दिला. अफूचं उत्पन्न सरकारला हवं होतं.

स्वातंत्र्यानंतर धोरण पालटलं. १९४९ च्या अखिल भारतीय अफू परिषदेत दहा वर्षांत औषधाव्यतिरिक्तचा वापर बंद करायचं ठरलं. या टप्प्याची एक बाजू आज विसरली गेली आहे. जुन्या अफूखोरांची नोंद करून, डॉक्टरच्या दाखल्यावर त्यांना ठरावीक मात्रा सरकारी दुकानातून मिळत असे. म्हातारा माणूस तडफडून मरू नये आणि नव्या माणसाला व्यसन लागू नये, असा दुहेरी हिशेब त्यामागे होता. आज ‘हानी कमी करणं’ हे धोरण कुणी सुचवलं की ते पाश्चात्त्यांचं खूळ म्हणून झटकलं जातं. आपल्याच सरकारने आपल्याच खेड्यांत ते राबवलं होतं, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

त्यानंतर आलं गर्द. १९७९ नंतर इराण–अफगाणिस्तानातल्या उलथापालथीने हेरॉइनच्या वाटा बदलल्या आणि ऐंशीच्या दशकात मुंबई–पुण्याच्या वस्त्यांत पुड्या दिसू लागल्या. १९८५ मध्ये केंद्राने गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम केला, तोच एनडीपीएस कायदा. त्याच सुमारास अनिल अवचट गर्दच्या विळख्यात सापडलेल्या मुलांवर लिहीत होते. ते लेखन पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांना हलवून गेलं, त्यांनी देणगी देऊ केली, आणि मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू केलं. मराठी समाजाने व्यसनी माणसाला ‘गर्दुल्ला’ म्हणण्याऐवजी ‘रुग्णमित्र’ म्हणायला सुरुवात केली ती इथून. बायकोच्या वाट्याला आलेलं जिणं हा उपचाराचा भाग मानून तिच्यासाठी ‘सहचरी’ गट काढणं, व्यसनातून बाहेर आलेल्यांनाच समुपदेशक म्हणून उभं करणं, कला आणि श्रम यांना दिवसाच्या वेळापत्रकात जागा देणं, ही मुक्तांगणची देणगी महाराष्ट्रातल्या पुष्कळ केंद्रांनी उचलली.

महाराष्ट्रात व्यसनमुक्तीचे जे प्रवाह आहेत, त्यांतला सर्वांत खोल प्रवाह शपथेचा आणि सामूहिक बंदीचा. वारकऱ्याची माळ, गाडगेबाबांची कीर्तनं, बायकांनी फोडलेल्या दारूच्या भट्ट्या, हे त्याचे उगम. आपला नगर जिल्हा तर या प्रवाहाचं माहेरच. हिवरे बाजारच्या कायापालटात नशाबंदी हा एक आधारस्तंभ होता. राळेगणसिद्धीत अण्णा हजारेंनी दारू हटवली. न ऐकणाऱ्या दारुड्यांना देवळाजवळच्या खांबाला बांधून मारल्याचं त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलेलं आहे. या चळवळींनी असंख्य बायकांचं मारहाणीपासून रक्षण केलं, गावांत पैसा शिल्लक राहू लागला, आणि त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. तरी खांबाला बांधण्याची पद्धत मला तेव्हाही योग्य वाटत नव्हती आणि अफूवर्गीय व्यसनाच्या बाबतीत तर ती घातक आहे. तिथे कोंडून, मारून, शपथ घालून नशा सुटते ती काही दिवसांपुरती. तेवढ्यात शरीराची सहनशक्ती उतरते. बाहेर आल्यावर माणूस जुनीच मात्रा घेतो आणि तीच त्याचा श्वास थांबवू शकते. व्यसनमुक्त होऊन घरी आल्यावरचे पहिले आठवडे सर्वांत धोक्याचे असतात, हे फार थोड्या कुटुंबांना कुणी सांगितलेलं असतं.

दुसरा प्रवाह सोबतीचा. १९३५ मध्ये अमेरिकेत जन्मलेली ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’, तिची बारा पावलं, आणि त्याच धर्तीवरची ‘नार्कोटिक्स ॲनॉनिमस’. गुपित राखून बोलायची मुभा, फी नाही, डॉक्टर नाही. मुंबईतल्या फादर ज्यो परेरा यांच्या ‘कृपा’ने या पावलांना योगाची जोड दिली. तिसरा प्रवाह निवासी केंद्रांचा. त्यात मुक्तांगण आहे, नरेंद्र दाभोलकरांनी साताऱ्यात उभं केलेलं ‘परिवर्तन’ आहे, आणि परवाना नसलेली, मारहाण करणारी, रुग्णाला साखळीने बांधणारी केंद्रंही आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि मादक पदार्थांशी निगडित आजार मानसिक आजारांत धरले. त्यामुळे अशा केंद्रांवर नोंदणीचं बंधन आलं आणि आत असलेल्या माणसाला हक्क मिळाले. आपल्या माणसाला कुठेही दाखल करण्याआधी नोंदणीचा कागद मागावा, एवढी तरी गोष्ट या पुस्तकातून घराघरांत पोचावी.

चौथा प्रवाह औषधाचा. तो महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात सर्वांत क्षीण आहे, म्हणून त्याच्यावर मी जरा अधिक थांबणार आहे.

१९६४–६५ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिन्सेंट डोल आणि मारी निस्वांडर यांनी हेरॉइनच्या रुग्णांना रोज तोंडावाटे मेथाडोन देऊन पाहिलं. टर्की थांबली, ओढ उतरली, माणसं कामावर जाऊ लागली. व्यसन हा चयापचयात रुजलेला, दीर्घकाळ चालणारा आजार आहे, अशी मांडणी त्यांनी केली. पुढे ब्युप्रेनॉर्फिन आलं. ही जिभेखाली विरघळणारी गोळी. ती मेंदूतल्या त्याच ग्राहींना घट्ट धरते, पण त्यांना अर्धवटच चेतवते. त्यामुळे ओढ शमते आणि एका मर्यादेनंतर मात्रा वाढवली तरी श्वासावरचा परिणाम वाढत नाही. तिच्यात पुष्कळदा नॅलॉक्सोन मिसळलेलं असतं, ते अशासाठी की कुणी ती विरघळवून टोचून घेऊ नये. फ्रान्सने १९९० च्या दशकाच्या मध्यावर हे औषध साध्या फॅमिली डॉक्टरांच्या हाती दिलं आणि थोड्याच वर्षांत तिथले जास्त मात्रेने होणारे मृत्यू झपाट्याने घटले. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन यांना अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१७ साली अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यात मेथाडोनच्या उपचारात असताना दर हजार व्यक्ती-वर्षांमागे सुमारे ११ मृत्यू होते, उपचार सुटल्यावर सुमारे ३६. वैद्यकात इतका मोठा फरक पाडणारी औषधं फार नाहीत.

‘म्हणजे एक नशा सोडवून दुसरी लावायची?’ हा प्रश्न प्रत्येक सभेत येतो आणि तो विचारणाऱ्याला गप्प करू नये. ब्युप्रेनॉर्फिनवर शरीर अवलंबून राहतं, हे खरं आहे. ती अचानक बंद केली तर त्रास होतो, हेही खरं आहे. पण पुडीसाठी दर काही तासांनी पैसे शोधत फिरणारा, सुई वाटून घेणारा, आज किती शुद्ध माल मिळेल हे ठाऊक नसलेला माणूस एकीकडे आणि सकाळी गोळी घेऊन शेतावर जाणारा, पोरांना शाळेत सोडणारा माणूस दुसरीकडे. या दोन जिण्यांना एकच नाव देता येणार नाही. गोळी कधी सोडायची हे रुग्ण आणि डॉक्टर मिळून ठरवतील. काहींची एक-दोन वर्षांत सुटेल, काहींची नाही. आणि जो जिवंत आहे त्याच्यापुढेच नशामुक्तीचा पर्याय उरतो.

देशात ही सुरुवात ईशान्येकडून झाली. १९८९–९० मध्ये मणिपुरात सुईने हेरॉइन घेणाऱ्यांत एचआयव्ही इतक्या वेगाने पसरला की काही महिन्यांतच तपासलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना लागण झालेली आढळली. तिथल्या स्वयंसेवी गटांनी, व्यसनातून आलेल्या तरुणांनी, चुराचांदपूरसारख्या डोंगरी भागातही स्वच्छ सुया वाटायला सुरुवात केली. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने २००७ नंतर ब्युप्रेनॉर्फिनची केंद्रं अंगीकारली. मुंबईत ‘संकल्प’सारख्या संस्था रस्त्यावरच्या रुग्णांसाठी १९९० च्या दशकापासून हे काम करत आल्या आहेत. पण एड्स कार्यक्रमातून आलेल्या या उपचाराची चौकट मुळातच सुई टोचणाऱ्यांसाठी आहे. खेड्यातला गोळी खाणारा किंवा गर्दचा धूर ओढणारा माणूस तिच्यात बसत नाही. शिवाय ब्युप्रेनॉर्फिनच्या या गोळ्या गावातल्या मेडिकलमध्ये मिळत नाहीत. त्या ठरवून दिलेल्या उपचार केंद्रांनाच पुरवल्या जातात. केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी असेल तर राहात्याहून नगर ऐंशी किलोमीटरच्या आसपास. रोजंदारी बुडवून रोज हा प्रवास कोण करेल, आणि किती दिवस?

पंजाबने याचं उत्तर शोधलं. २०१७ च्या ऑक्टोबरपासून तिथे बाह्यरुग्ण दवाखान्यांतून ब्युप्रेनॉर्फिन–नॅलॉक्सोन दिलं जाऊ लागलं आणि ही केंद्रं ग्रामीण रुग्णालयांपर्यंत गेली. २०२० च्या टाळेबंदीत रुग्णांना काही दिवसांच्या गोळ्या घरी नेऊ दिल्या. त्यात गैरप्रकार झाले, गोळ्या बाहेर विकल्या गेल्या, खासगी केंद्रांच्या नोंदींवर वाद झाले. या पुस्तकात ते झाकलेलं नाही. गळती होते म्हणून नळ बंद ठेवायचा की गळती बुजवायची, हा प्रशासनाच्या कौशल्याचा प्रश्न आहे. हजेरीची नोंद, डॉक्टरच्या समोर घेतलेली मात्रा, विश्वास बसल्यावर हळूहळू वाढवलेल्या घरी नेण्याच्या गोळ्या, असे उपाय जगभर वापरले जातात.

हानी कमी करण्याचा विचार औषधाच्याही पलीकडे जातो. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात ऑस्टिन नावाचं चार हजार वस्तीचं खेडेवजा गाव आहे. २०१५ मध्ये तिथे वेदनाशामक गोळ्या विरघळवून टोचून घेणाऱ्यांत एचआयव्हीची साथ आली. त्या परिसरात दोनशेहून अधिक लोकांना लागण झाली. सुया बदलून देण्याला त्या राज्यात तेव्हा बंदी होती, ती साथ पसरल्यावर उठवावी लागली. उशिरा शहाणं होण्याची किंमत ज्यांनी मोजली ते बहुतेक गरीब, बेकार, डॉक्टरपासून दूर राहणारे ग्रामीण लोक होते. भारतात कायद्याने तरी ही वाट मोकळी ठेवली आहे: २०१७ च्या एचआयव्ही–एड्स कायद्याच्या कलम २२ नुसार धोका कमी करण्यासाठी सुया देणं किंवा पर्यायी औषध देणं हा गुन्हा ठरत नाही.

दुसरं साधन नॅलॉक्सोन. अफूवर्गीय पदार्थाची मात्रा जास्त झालेला माणूस निपचित पडतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, ओठ निळे पडतात, श्वास मिनिटाला चार-पाचवर येतो. नॅलॉक्सोनचं इंजेक्शन काही मिनिटांत त्याला परत आणू शकतं. त्याचा असर मूळ पदार्थापेक्षा लवकर ओसरत असल्याने रुग्णाला नजरेआड करता येत नाही, इतकीच दक्षता. जास्त मात्रा झालेल्याजवळ जे असू शकतात, त्या घरच्यांच्या आणि मित्रांच्याही हाती हे औषध असावं, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये केली. आपल्याकडे ते प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात, १०८ च्या प्रत्येक रुग्णवाहिकेत असलंच पाहिजे, असं मला वाटतं.

मग अडतं कुठे? पहिला अडसर भीतीचा. एनडीपीएस कायद्याच्या कलम २७ खाली नशा करणं हाही गुन्हा आहे, आणि पोलिसांच्या धास्तीने रुग्ण सरकारी दवाखान्याची पायरी चढत नाही. त्याच कायद्याचं कलम ६४अ मात्र सांगतं की स्वतः सेवन केल्याबद्दल किंवा अल्प प्रमाण बाळगल्याबद्दल आरोप असलेला व्यसनी माणूस आपण होऊन मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. हे कलम ठाणेदारांपासून सरपंचापर्यंत किती जणांना माहीत आहे? दुसरा अडसर डॉक्टरांचा संकोच. मनोविकारतज्ज्ञ तालुक्यात सहसा नसतो, आणि एमबीबीएस डॉक्टरला हा उपचार आपला वाटत नाही. तिसरा अडसर लाजेचा, आणि तो बायकांच्या वाट्याला दुप्पट येतो. व्यसनी बाई असते हेच गाव मान्य करत नाही. मुक्तांगणला ‘निशिगंध’ हा स्त्रियांसाठीचा वेगळा विभाग काढावा लागला तो याच कारणाने. तालुक्याच्या पातळीवर तर तिच्यासाठी दारच नाही.

या अडसरांवर नवं काही शोधून काढायची गरज नाही, असं या पुस्तकाचं प्रतिपादन आहे. क्षयरोगाच्या ‘डॉट्स’ पद्धतीत रुग्णाने आरोग्यसेवकासमोर गोळी घ्यायची, महिनोन्महिने घ्यायची, चुकली तर कुणीतरी घरी जाऊन चौकशी करायची, हे आपल्या गावांनी केलं आहे. त्याहून जुनी गोष्ट आपल्याच जिल्ह्यातल्या जामखेडची. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या, बहुतेक दलित आणि गरीब घरांतल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडवलं. ज्या कुष्ठरोग्याला गाव शिवत नव्हतं, त्याची जखम या बायकांनी धुतली, आणि गावाची नजर बदलली. प्राथमिक आरोग्यसेवेच्या जागतिक विचाराला ज्या प्रयोगांनी बळ दिलं त्यांत जामखेड होतं. गावानेच लाथाडलेला आजारी माणूस गावाच्याच हातून बरा होऊ शकतो, हे सिद्ध करण्यासाठी आपल्याला दूर जावं लागत नाही. नगर शहरातल्या ‘स्नेहालय’नेही एचआयव्हीग्रस्तांच्या बाबतीत हेच दाखवलं.

सरकारी चौकट आता पूर्वीइतकी रिती नाही. २०२० मध्ये नशामुक्त भारत अभियान सुरू झालं. सरकारी रुग्णालयांत व्यसन उपचार कक्ष उघडण्याची योजना आहे. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा मानसिक आरोग्याचा निःशुल्क फोन क्रमांक आहे. एनडीपीएस कायद्यात २०१४ मध्ये झालेल्या दुरुस्तीने व्यसनाचं ‘व्यवस्थापन’ हाही शासनाच्या उद्दिष्टांचा भाग बनवला. म्हणजे माणूस पूर्ण सुटेपर्यंत त्याला सांभाळणं कायद्याला मान्य आहे. उरलं आहे ते ही चौकट राहाता, कोपरगाव, पाथर्डी, कर्जत इथल्या सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात उतरवणं: आठवड्यातला एक ठरलेला दिवस, प्रशिक्षित डॉक्टर, समुपदेशक, औषधाचं कपाट, आणि लोणीसारख्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या मानसोपचार विभागाशी फोनवर सल्लामसलत.

हे पुस्तक कुणा एकाचं नाही. यात डॉक्टर आणि परिचारिका आहेत, समुपदेशक आणि आशाताई आहेत, औषधविक्रेते आहेत, नशेतून बाहेर आलेले आणि अजून गोळीवर असलेले लोक आहेत. रुग्णांची आणि त्यांच्या घरच्यांची नावं आणि गावं बदललेली आहेत. दारूबंदीच्या चळवळीतल्या कार्यकर्त्यांनाही आम्ही मुद्दाम लिहितं केलं आहे. त्यांचे काही मुद्दे माझ्या मतांच्या उलट जातात, आणि ते जसेच्या तसे छापले आहेत. दारू आणि तंबाखूवर या पुस्तकात फार थोडं आहे. ग्रामीण महाराष्ट्रात त्यांनी मरणारी माणसं अफूवर्गीय पदार्थांनी मरणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत, याची जाणीव ठेवूनच ही मर्यादा घातली. त्या विषयांवर मराठीत काम झालं आहे. गोळी आणि गर्दच्या ग्रामीण रुग्णासाठी मात्र मराठीत हाती देण्याजोगं फारसं काही नव्हतं.

औषधांच्या मात्रा, सुरुवातीच्या दिवसांतली काळजी आणि गरोदर स्त्रीचा उपचार हे भाग डॉक्टरांसाठी आहेत. इतरांनी ते वाचावेत, पण त्यावरून स्वतः औषध ठरवू नये. पोलीस आणि सरपंचांसाठी कायद्याचा भाग वेगळा काढता येईल असा छापला आहे, तो ग्रामसभेत वाचून दाखवायला हरकत नाही. आणि ज्या घरात कुणी नुकतंच केंद्रातून परत आलं आहे, त्या घराने पुस्तक पहिल्या पानापासून वाचू नये. त्यांनी आधी श्वास मंदावलेल्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं, १०८ ला काय सांगायचं आणि नॅलॉक्सोन कुठे मागायचं, हे प्रकरण उघडावं.